उत्तरापुढचं अधिक-उणे

शाळेच्या प्रयोगशाळेत जे शिकलो, त्यावर आज माझं घर चालतं. म्हणून सुवर्णमहोत्सवी अंकासाठी लिहायचं तर तेच लिहितो.

मी मोजमापाची उपकरणं तपासून देणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो. कारखान्यांतून व्हर्नियर आणि मायक्रोमीटर ही बारीक मापं घेणारी साधनं, तसंच स्लिप गेज म्हणजे ठरावीक जाडीचे प्रमाण-ठोकळे, आमच्याकडे कॅलिब्रेशनला, म्हणजे अचूकता तपासायला येतात. आमच्या प्रमाणपत्रावर प्रत्येक मापाशेजारी त्याची अनिश्चितता, म्हणजे ते किती अधिक-उणे असू शकतं, हे छापलेलं असतं. ते नसेल तर त्या कागदाला किंमत नाही. हे मला नोकरीत कुणाला नव्याने शिकवावं लागलं नाही. आपल्याच कनिष्ठ महाविद्यालयात, अकरावीला, भौतिकशास्त्राच्या बाईंनी ते साध्या लंबकावर शिकवलं होतं.

लंबकाची लांबी मोजायची, आंदोलनांचा वेळ घ्यायचा, त्यावरून गुरुत्वीय त्वरण काढायचं. उत्तर ९.८ च्या आसपास येणार हे सगळ्यांना आधीच पाठ, आणि धोका तिथेच! उत्तर ठाऊक असलं की निरीक्षणं त्याच्याकडे ओढली जातात. म्हणून बाईंचा दंडक होता: आकडा थेट वहीत, शाईने लिहायचा, आणि पटत नाही म्हणून खोडायचा नाही.

वीस आंदोलनंच का मोजायची, याचं उत्तर त्यांनी आमच्याकडून काढून घेतलं. स्टॉपवॉच दाबताना हात दोन दशांश सेकंदांनी मागेपुढे होतो असं धरा. मीटरभर लंबकाचं एक आंदोलन दोन सेकंदांचं. तेवढं एकच मोजलं तर वेळेत दहा टक्के फरक, आणि सूत्रात वेळेचा वर्ग असल्याने उत्तरात जवळजवळ वीस टक्के. वीस आंदोलनं घेतली की हाताचा फरक तेवढाच राहतो, पण तो चाळीस सेकंदांत वाटला जातो. उत्तरात टक्काभर उरतो. पंख्याखालच्या त्या जुन्या टेबलावर हा हिशेब सुटला तेव्हा झालेला आनंद मला अजून आठवतो.

मग सगळ्या गटांची उत्तरं फळ्यावर लिहिली जात. ती वेगवेगळी आली म्हणून बाई कधी रागावल्या नाहीत. किती वेगवेगळी आली, एवढंच त्या विचारत. एका टेबलाचं उत्तर मात्र दर वेळी ९.७ च्या आसपास यायचं. तिथे लांबी गोळ्याच्या हुकापर्यंतच मोजली जात होती, गोळ्याच्या मध्यापर्यंतचं सेंटीमीटरभर अंतर सुटत होतं. मीटरमागे एक सेंटीमीटर, म्हणून उत्तर टक्काभर कमी. शंभर वेळा मोजून सरासरी काढली असती तरी ते कमीच आलं असतं. हाताची डळमळ आकड्यांच्या पसाऱ्यात दिसते, ही दुसरी त्रुटी दिसत नाही. ती शोधायला प्रयोगाची मांडणीच पुन्हा तपासावी लागते.

कामावर रोज हाच फरक समोर असतो. लांबीची मापं २० अंश सेल्सिअसला धरायची असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. १०० मिलिमीटरचं पोलादी स्लिप गेज एका अंशाने तापलं तर मायक्रॉनहून (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून) थोडं अधिक वाढतं. म्हणून ते हाताळल्यावर बराच वेळ खोलीत निवू द्यावं लागतं. आणि खोलीचा तापमापकच चुकीचा असेल तर सगळी मापं एकाच दिशेला सरकतात, कितीही वेळा घेतली तरी.

२०११ साली ‘ऑपेरा’ प्रयोगातले न्यूट्रिनो हे अतिसूक्ष्म कण जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन केंद्राहून इटलीतल्या ग्रान सासोपर्यंतचं सुमारे ७३० किलोमीटर अंतर प्रकाशापेक्षा साठ नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जांश) लवकर, म्हणजे भौतिकशास्त्र अशक्य मानतं अशा वेगाने, पार करताना दिसले, तेव्हा मला ते ९.७ चं टेबल आठवलं. त्यांची सांख्यिकी भक्कम होती. पुढे दोष सापडला तो नीट न बसलेल्या एका ऑप्टिकल फायबरच्या जोडात. पण त्या शास्त्रज्ञांनी नकोसा आकडा दडपला नाही. तो जगापुढे ठेवला आणि तपासा म्हणाले, याचा मला फार आदर वाटतो.

शाळेची नवी प्रयोगशाळा होते आहे, त्यानिमित्ताने शिक्षकांना एक विनंती. प्रयोगवहीत उत्तराच्या रकान्याशेजारी ‘अधिक-उणे किती’ असा एक रकाना ठेवावा आणि गुण त्यालाही द्यावेत. जो मुलगा किंवा मुलगी ९.५ लिहून ते का आलं हे शोधेल, त्यांना ९.८ लिहिणाऱ्यांपेक्षा कमी गुण पडू नयेत. व्हर्नियर आणि मायक्रोमीटर दरवर्षी तपासून देण्याचं काम मी आनंदाने करीन.