फुकटचं प्यादं, फुकटचं इंजिन

"गुरुजी, बुद्धिबळाचं ते स्टॉकफिश इंजिन फुकट मिळतं म्हणता. फुकट मिळतं ते चांगलं कसं असेल? आणि चांगलं असेल, तर पोरीला तुमच्याकडे कशाला पाठवू?"

हर्णैच्या बंदरावर, शाळेच्या फाटकापाशी, दापोलीच्या एसटीत हा प्रश्न मला कितीतरी पालकांनी विचारलाय. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, बाप घरी असतात आणि माझ्या ओटीवर पट मांडलेले असतात. त्या दिवसांत तर हमखास. उभ्याउभ्या धड उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज लिहून देतो.

इंजिन म्हणजे चांगली चाल शोधून देणारा संगणकाचा प्रोग्राम. त्यातल्या या इंजिनाचं नाव स्टॉकफिश. स्टॉकफिश म्हणजे खरं तर नॉर्वेत लाकडी मांडवांवर मिठाशिवाय, थंड वाऱ्यात सुकवलेला कॉड मासा. नॉर्वेच्या टोर्ड रोमस्टाडने ग्लाउरुंग नावाचं इंजिन लिहिलं आणि त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला. २००८ मध्ये इटलीच्या मार्को कोस्टाल्बाने तो घेऊन पुढचं काम सुरू केलं. मासा नॉर्वेचा, शिजवला इटलीत, म्हणून हे नाव. सुक्या मासळीच्या वासात वाढलेली आमची पोरं ही गोष्ट एकदा ऐकली की विसरत नाहीत.

त्याचा परवाना असा आहे की कोड कुणीही वाचावा, बदलावा, वाटावा. मात्र बदललेलं इंजिन वाटायचं असेल तर आपला कोडही खुला ठेवावा लागतो. २०१३ पासून फिशटेस्ट नावाची व्यवस्था चालू आहे. कुणी सुधारणा सुचवली की नवं इंजिन जुन्याशी हजारो डाव खेळतं, आणि खरोखर फायदा दिसला तरच ती सुधारणा आत येते. हे डाव चालतात जगभरातल्या लोकांनी आपणहून देऊ केलेल्या संगणकांवर. २०१८ मध्ये जपानच्या यू नासू यांनी शोगी या तिकडच्या खेळासाठी एक छोटं न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्राम, तयार केलं होतं, साध्या प्रोसेसरवरही झपाट्याने चालणारं. २०२० मध्ये तीच युक्ती स्टॉकफिश १२ मध्ये आली आणि इंजिनाची ताकद एकदम वाढली. एवढ्या लोकांचे हात लागलेत म्हणून ते चांगलं आहे. पैसे कुणी मागत नाही, एवढंच.

आणि आपल्याकडे हे फुकट असणं फार मोलाचं आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, खांब आडवे झाले, कित्येक दिवस वीज नव्हती, रेंज नव्हती. कुणाच्या जनरेटरवर फोन चार्ज करून आणायचा आणि संध्याकाळी ड्रॉइडफिशवर एक डाव बघायचा, असे मी ते दिवस काढले. ड्रॉइडफिश हे अँड्रॉइडचं ॲप, तेही खुलं, आत स्टॉकफिश. नेट लागत नाही, जाहिरात येत नाही. साधा फोन पुरतो. पुण्या-मुंबईच्या पोराकडे जे इंजिन आहे, तेच पाजपंढरीच्या पोरीकडेही आहे. मी शिकत होतो तेव्हा चुकलेली चाल दाखवणारं इकडे कुणी नव्हतं, म्हणून मला याचं अप्रूप जास्त.

आता दुसरा अर्धा प्रश्न, पोरीला कशाला पाठवायचं.

माझ्याकडे येणारी आठवीतली एक मुलगी गेल्या वर्षी शालेय स्पर्धेत सात चालींत हरून आली. पांढरी तिची होती. राजापुढचं प्यादं दोन घरं, घोडा, मग उंट सी-४ वर (पटावरच्या घरांना अशी अक्षर-आकड्यांची नावं असतात), सगळं शिकवल्यासारखं. समोरच्या मुलाने तिसऱ्या चालीला आपला घोडा डी-४ वर टाकला आणि ई-५ वरचं प्यादं उघडं पडलं. फुकटचं प्यादं! हिने घोड्याने मारलं. त्याने वजीर जी-५ वर आणला. हिचा घोडा एफ-७ वर गेला, वजीर आणि हत्ती एकदम कचाट्यात, म्हणून ती खूश. त्याच्या वजिराने जी-२ वरचं प्यादं खाल्लं, हिने हत्ती सरकवला, वजिराने ई-४ चं प्यादं घेत शह दिला, हिने उंट मध्ये घातला आणि काळ्या घोड्याने एफ-३ वर मात केली. उंट काळ्या वजिरापुढे बांधलेला, हलला तर राजाला शह, म्हणून त्याला घोडा मारता येईना, आणि राजाला स्वतःच्याच सोंगट्यांनी कोंडलेलं.

रडून झाल्यावर तिने फोन मागितला. मी दिला नाही. आधी वहीत लिही, तुझ्या मते कुठे चुकलं. तिने लिहिलं, "पाचवी चाल. एफ-७ ला जायला नको होतं." मग इंजिन लावलं. पाचवी चाल वाईट होतीच, पण इंजिनाचा आकडा, म्हणजे कोण किती वरचढ हे दाखवणारा, चौथ्या चालीलाच घसरला होता, ज्या चालीला प्यादं फुकट मिळालं त्याच चालीला. इंजिनाच्या मते डी-४ वरचा घोडा सरळ मारायचा, नाहीतर किल्लेकोट करायचा, म्हणजे राजाला हत्तीच्या आड न्यायचं.

पण घोडा का मारायचा, हे इंजिन सांगत नाही. ते चाल दाखवतं आणि आकडा दाखवतं. मी तिला घोडा मारायला लावला, काळ्याच्या प्याद्याने परत मारलं, आणि म्हटलं, आता मोज, बाहेर कोण कोण आहे? पांढऱ्याचा उंट बाहेर, खेळायची पाळीही पांढऱ्याची. काळ्याची सगळी मोठी मोहरी जागच्या जागी. "म्हणजे त्याने तोच घोडा दोनदा हलवून वेळ घालवला," ती म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडून यायला चाळीस मिनिटं गेली. ती चाळीस मिनिटं मी शिकवतो.

तेव्हा घरी इंजिन जरूर वापरा, पण डाव संपल्यावर. चालू ऑनलाइन डावात त्याची मदत घेणं ही फसवणूक आहे, खातं बंद होतं. आधी वहीत तीन जागी पेन्सिलने खूण करा, मग इंजिन उघडा. ते तुमच्या चालीला वाईट म्हणालं तर मान डोलावू नका, तीच चाल पटावर करा आणि इंजिनाला उत्तर द्यायला लावा. त्याच्यावरही तुमच्या मनातली पुढची चाल करा. पाच-सहा चालींत कळतं कुठे मार बसतो. इंजिनाच्या पहिल्या आणि दुसऱ्या पर्यायाच्या आकड्यात दहा-वीस शतांशांचा फरक असेल तर तो आपल्यासाठी नाही, सोडून द्या. आणि अधिक एक म्हणजे एक प्यादं जास्त, असं समजू नका. स्टॉकफिश १५.१ पासून, म्हणजे २०२२ पासून, अधिक एकचा अर्थ असा लावलाय की इंजिन-इंजिनांच्या डावात त्या स्थितीतून जिंकण्याची शक्यता निम्मी. आपल्या पोरांच्या डावात तो आकडा दोन चालींत उलटतो.

खेळायला मात्र मी स्टॉकफिश सहसा देत नाही. त्याची ताकद कमी केली की ते बराच वेळ पक्कं खेळतं आणि मधूनच माणूस कधी करणार नाही अशी चूक करतं, त्यातून पोरांना चुकीची सवय लागते. लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर माया नावाची इंजिनं आहेत, माणसांच्या डावांवर शिकवलेली. ती माणसासारखी चुकतात, ती बरी. लिचेसही फुकट आणि खुलंच. गुकेश २०२४ मध्ये विश्वविजेता झाला. त्याचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी सुरुवातीची कितीतरी वर्षं त्याला इंजिनापासून लांब ठेवलं होतं. मी तितका कडक नाही. इकडे दुसरं साधन कुठे आहे?

यंदा त्याच स्पर्धेत एका मुलाने त्या मुलीसमोर पुन्हा तो घोडा डी-४ वर टाकला. तिने मारला. एकेचाळीस चाली डाव चालला आणि बरोबरी झाली. सत्ताविसाव्या चालीला आपण जिंकत होतो असं तिला वाटतंय, पण चाल सापडत नाहीये. चार दिवस ओटीवर तोच पट मांडून बसलीय. फोन माझ्या कपाटात आहे, तिने अजून मागितलेला नाही.