एक ग्रॅम म्हणजे दोन ॲम्प्यूल

वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी नेमके काय करते, असे कोणी विचारले की पुस्तके देते-घेते एवढे सांगून मी मोकळी होते. प्रत्यक्षात माझा निम्मा दिवस विभागांकडून आलेल्या प्रश्नांवरचे संशोधन शोधण्यात, पारखण्यात आणि एका पानात बसवण्यात जातो. एकच पान, कारण दुसरे कोणी उलटत नाही. सकाळी राउंड, मग ओपीडी आणि वर रात्रपाळी करणाऱ्या रेसिडेंटने मूळ शोधनिबंध वाचावा, असा आग्रह धरणारे बहुधा स्वतः रात्रपाळी करत नसतात.

बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात ट्रॅनेक्सामिक ॲसिड हे रक्तस्राव कमी करणारे औषध द्यावे का, असा प्रश्न प्रसूती विभागाकडून आला तेव्हा मला आनंदच झाला. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेली या औषधाची ‘वुमन’ चाचणी मोठी होती : २१ देश, १९३ रुग्णालये, २०,०६० स्त्रिया. बैठकीत विभागप्रमुख मॅडमनी पहिलाच प्रश्न वर्मावर बोट ठेवणारा विचारला. मृत्यू किंवा गर्भाशय काढावे लागणे हा चाचणीचा मूळ निकष होता आणि त्यात तर फरक दिसलाच नाही, त्याचे काय? या प्रश्नाची तयारी मी करून गेले होते. गर्भाशय काढण्याचा निर्णय पुष्कळदा औषध सुरू होतानाच झालेला असे, त्यामुळे तिथे औषधाला काही बदलण्याची संधीच नव्हती. फक्त रक्तस्रावाने झालेले मृत्यू पाहिले आणि प्रसूतीनंतर तीन तासांच्या आत औषध मिळालेल्या स्त्रिया वेगळ्या काढल्या, तर ते हजारी १७ वरून १२ वर आलेले दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याच वर्षी आपली शिफारस बदलली. मॅडमनी मान डोलावली आणि माझे पान लॅमिनेट होऊन लेबर रूमच्या भिंतीवर लागले : ‘तीन तासांच्या आत १ ग्रॅम शिरेतून, दहा मिनिटांत, अर्ध्या तासानंतरही रक्तस्राव चालू असल्यास आणखी १ ग्रॅम.’ त्या पानाचा मला अभिमान होता, हे कबूल केले पाहिजे.

तीन आठवड्यांनी लेबर रूमच्या इनचार्ज सिस्टर ग्रंथालयात आल्या. त्यांना मी तिथे पहिल्यांदाच पाहत होते. खिशातून एक ॲम्प्यूल, म्हणजे इंजेक्शनच्या औषधाची छोटी काचेची कुपी, काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, “मॅडम, वाचा.” बारीक अक्षरांत छापले होते : ५ मिलि, ५०० मिलिग्रॅम.

ट्रेमध्ये असे एकच ॲम्प्यूल ठेवलेले असे. आदल्या रात्री रक्तस्राव सुरू झाला तेव्हा पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटने ते वेळेत दिले आणि एक ग्रॅम दिल्याची नोंद केली. चूक सिस्टरांच्या लक्षात आली, पण बाकीचा साठा कुलपात होता आणि किल्ली शेजारच्या वॉर्डात. दुसरे ॲम्प्यूल पोहोचायला पंचवीस मिनिटे गेली. बाई वाचली, रक्ताच्या दोन पिशव्या द्याव्या लागल्या. सकाळच्या बैठकीत बोलणी त्या रेसिडेंट मुलीला बसली. भिंतीवरच्या पानाचा विषयही निघाला नाही, आणि ते मला जास्त लागले. ज्या बैठकीत आम्ही मूळ निकषाचा एवढा कीस पाडला, तिथे एका ॲम्प्यूलमध्ये औषध किती असते, हे माझ्यासकट कोणालाच विचारावेसे वाटले नव्हते. ट्रे भरणाऱ्या माणसाला तर आम्ही बोलावलेच नव्हते.

नवे पान आम्ही दोघींनी पुस्तकाच्या मागणी-चिठ्ठीच्या पाठीवर तयार केले. सिस्टरांनी आधी ‘लॅन्सेट’ची ओळ खोडली. मग लिहिले : ‘दोन ॲम्प्यूल. सावकाश, दहा मिनिटे. सुरू केल्याची वेळ लिहा.’ ऑपरेशन थिएटरमध्ये हे औषध पाठीच्या भुलीच्या औषधाजवळ ठेवायचे नाही, ही ओळही त्यांचीच. दोन्ही ॲम्प्यूल दिसायला सारखी असू शकतात आणि हे औषध मणक्यात गेले तर जिवावर बेतते. त्याबद्दलचा जागतिक आरोग्य संघटनेचा इशारा मी वाचलेला होता. पानावर घेतला नव्हता, कारण विभागाचा प्रश्न परिणामकारकतेचा होता.

आता ट्रेमध्ये चार ॲम्प्यूल असतात. किल्लीसाठीचा अर्ज अजून कार्यालयात फिरतो आहे.

२०१८ साली दोन मोठ्या चाचण्यांतील ४०,१३८ रुग्णांची माहिती एकत्र करून केलेले एक विश्लेषण मी रेसिडेंटना दरवर्षी शिकवते. उपचाराला दर पंधरा मिनिटे उशीर झाला की औषधाचा फायदा सुमारे दहा टक्क्यांनी घटतो, असे त्यात दिसले. ही हजारोंची सरासरी आहे, एका रुग्णाच्या बाबतीत तिच्यावरून हिशेब मांडता येत नाही, हेही मीच शिकवते. तरीही त्या संध्याकाळी मागणी-चिठ्ठीच्या कोपऱ्यात मी पंचवीसला पंधराने भागून पाहिले होते. चिठ्ठी अजून ड्रॉवरमध्ये आहे.