लोकरीतच मुरलेला रंग

1986 साली मी शाळेत नववीत होतो, तेव्हा इंग्रजीच्या तासाला पाठ्यपुस्तकाबाहेरचा एक शब्द आला: ‘डाइड-इन-द-वुल’. सरांनी तो आधी नुसता उच्चारला आणि ‘डाइड’ म्हणजे ‘मेला’ असे समजून मी ‘लोकरीत मेलेला’ असा अर्थ सांगितला. सर रागावले नाहीत. उच्चार तोच असला तरी हे रंगवणे या अर्थाच्या ‘डाय’चे रूप आहे, म्हणजे शब्दशः अर्थ ‘लोकरीतच रंगवलेला’, हे त्यांनी फळ्यावर लिहून दाखवले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी धनगरांकडून आणलेला, स्वच्छ धुतलेला पांढऱ्या लोकरीचा पुंजका आणि घट्ट विणीच्या मांजरपाटाची चिंधी, दोन्ही लाल शाईत बुडवून वाळत घातली. मधल्या सुट्टीनंतर चिंधीतला एक धागा उसवला, तर उभे-आडवे धागे जिथे एकमेकांवर दाबले गेले होते तिथे तो फिकट राहिला होता. लोकर मात्र कितीही पिंजली तरी तंतू न् तंतू लाल निघाला.

इंग्लंडात कापड विणून झाल्यावरही रंगवीत, सूत कातल्यावरही रंगवीत. पण सर्वांत पक्का रंग मानला जाई तो कातण्याआधी, लोकर असतानाच दिलेला. लहानपणी मनात रुजलेल्या गोष्टींविषयी हा दाखला सोळाव्या शतकापासून दिला जाऊ लागला आणि एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या राजकारणात तो आपल्या पक्षापासून तसूभरही न ढळणाऱ्या माणसाला चिकटला. नामाच्या आधी विशेषण म्हणून येताना या चार शब्दांना संयोगचिन्हांनी बांधतात, हेही त्याच तासाला कळले.

मराठीत काय म्हणाल, असे सरांनी विचारले, तेव्हा आम्ही एका सुरात ‘कट्टर’ म्हणालो. त्यावर ते म्हणाले, “कट्टरमध्ये धार आहे, पण रंग कधी चढला ते त्यात नाही.” मग कोणीतरी ‘हाडाचा’ सुचवला आणि तो सरांना आवडला. पुढे भाषांतराचे काम करू लागल्यावर मला जाणवले की ‘हाडाचा शिक्षक’ म्हणताना आपण कौतुकच करतो, तर इंग्रजी शब्दात पुष्कळदा ‘हा काही बदलायचा नाही’ अशी किंचित नापसंतीही असते. त्यामुळे आजही तो शब्द समोर आला की मी आधी पुढचे नाम पाहतो. पुढारी असेल तर ‘कट्टर’ लिहितो, आणि शिक्षक असेल तर, सरांना स्मरून, ‘हाडाचा’.