‘नवीन आहे, रुळेल’ असं ऐकण्यात गेलेले सव्वीस दिवस

टायर आणि सस्पेन्शन बदलून आता चार महिने झाले. डोंगरातल्या रस्त्यावर गाडी हवी तशी चालते आहे. तरीही मधल्या सव्वीस दिवसांचा राग अजून गेलेला नाही. एक साधा प्रश्न मला वेळेवर माहीत असता, तर ते दिवस, चार हेलपाटे आणि एक नवाकोरा बुश (सस्पेन्शनच्या सांध्यातला रबरी तुकडा) वाचला असता.

माझा रस्ता अर्धा डांबरी वळणांचा आणि अर्धा कच्चा. वरच्या बावीस किलोमीटरमध्ये रुतलेले दगड, सुटी खडी आणि पाण्याने कापलेल्या चऱ्या आहेत. आठवड्यातून दोनदा जावं लागतं. एका वर्षात दोन टायर बाजूने फाटले. बाजू फाटली की टायर गेला. पंक्चर निघतं ते जमिनीला टेकणाऱ्या भागातलं.

टायरचा निर्णय पटकन झाला. मूळ माप २१५/६० आर १७. म्हणजे रुंदी २१५ मिमी, रिम सतरा इंची आणि बाजूची उंची २१५ च्या ६० टक्के, १२९ मिमी. मी रिम सोळाची केली आणि २१५/६५ आर १६ घेतले. बाजू जवळपास १४० मिमी झाली. टायरचा एकूण व्यास ६९० मिमीवरून ६८६ झाला, म्हणजे एक टक्काही फरक नाही आणि स्पीडोमीटर चुकत नाही. दगड आणि रिम यांच्यामध्ये अकरा मिमी जास्त रबर आलं. लहान रिममध्ये ब्रेकचा कॅलिपर (चकती दाबून धरणारा भाग) बसतो का, हे आधी एक रिम लावून हाताने फिरवून बघितलं. तुम्हीही बघा, कागदावरचं माप त्यासाठी पुरत नाही.

नक्षी एटी, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीची, घेतली. चिखलासाठीचे एमटी दिसायला दणकट असतात, पण माझ्या रस्त्यावर चिखल कमी आणि ओलं डांबर जास्त, आणि ओल्या डांबरावर ते कमी धरतात. मापानंतरचा आकडा मात्र नीट वाचा. ९६ म्हणजे एका टायरवर ७१० किलो, ९८ म्हणजे ७५०. मूळ टायरपेक्षा हा आकडा कमी चालत नाही. टायरच्या बाजूवर असलेल्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार अंक, ही बनल्याची तारीख, म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. मला आधी दाखवलेले दोन टायर तीन वर्षं पडून होते. ते परत पाठवले.

सस्पेन्शनसाठी जिथे गेले तिथे पहिला प्रश्न एकच: ‘किती इंच वर करायची?’ गाडीत किती वजन असतं, हे कोणीच विचारलं नाही. स्प्रिंग तर वजनावरच निवडायची असते! मी नेहमीच्या सामानासह आणि माणसांसह गाडी वजनकाट्यावर नेली, पुढची चाकं आणि मागची चाकं वेगवेगळी तोलली आणि त्या आकड्यांवर स्प्रिंग मागवल्या. जड स्प्रिंग घेतली असती तर रिकाम्या गाडीची मागची बाजू खडीवर उड्या मारत राहिली असती. स्पेसर, म्हणजे उंचीसाठी स्प्रिंगपाशी घालायचा ठोकळा, नको म्हटलं. त्याने गाडी उंच उभी राहते, स्प्रिंगची ताकद आहे तेवढीच राहते. उंची ३० मिमीच्या आसपासच ठेवायची होती, कारण त्याहून वर गेलं की ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा, कोन वाढतो आणि त्याचे जॉइंट लवकर झिजतात. शॉकअब्सॉर्बर गॅसचे घेतले. बारीक बारीक खाचांच्या लांब पट्ट्यावर साध्यातलं तेल तापून फेसाळतं आणि शेवटच्या काही किलोमीटरमध्ये तो नुसता नावाला उरतो.

इथवर सगळं ठीक होतं. मग बसवायला दिलं.

काम एका दिवसात झालं. पुढच्या लोअर आर्मचे, म्हणजे चाक गाडीला जोडणाऱ्या खालच्या दांड्यांचे, बुशही नवे घातले. संध्याकाळी अलाइनमेंटचा, म्हणजे चाकांचे कोन जुळवल्याचा, कागद हातात आला, सगळे आकडे हिरवे, म्हणजे बरोबर. निघाले आणि पहिल्याच गतिरोधकावर पुढून आवाज आला, कर्रर्र, जुन्या लाकडी दारासारखा. गाडी पुढून ताठही वाटत होती.

तिसऱ्या दिवशी परत गेले. ‘मॅडम, नवीन आहे, रुळेल.’ बुशवर स्प्रे मारला. दोन दिवस शांतता, मग पुन्हा तेच. दुसऱ्या फेरीत स्टॅबिलायझरचा (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याचा) लिंक रॉड बदलला. काही फरक नाही. तिसऱ्या फेरीत सांगितलं की टायर जाड आहेत, त्यांचाच आवाज आहे. मी म्हटलं, टायर उभ्या गाडीत कसा वाजेल? बॉनेटवर दोन्ही हातांनी दाब दिला की आवाज येत होता. ते तिथेच करून दाखवलं. ‘थोडी चालवा, हजार किलोमीटरनंतर बघू.’

त्या रात्री टेप घेऊन बसले. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मी काम द्यायच्या आधीच लिहून ठेवलं होतं, आणि ती माझी सगळ्यात उपयोगी सवय ठरली. स्प्रिंगप्रमाणे पुढून ३० मिमीच्या आसपास वाढ हवी होती. प्रत्यक्षात डावीकडे ३८, उजवीकडे ३७. स्प्रिंग बरोबर, वजन बरोबर, मग हे सात-आठ मिमी कुठून आले?

चौथ्या फेरीत आकडे दाखवले. त्यांनी पुन्हा अलाइनमेंट लावलं. पुन्हा हिरवा कागद.

उत्तर शेवटी गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत मिळालं, एका ओळीत: लोअर आर्मचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडी स्वतःच्या वजनाने चाकांवर उभी असली पाहिजे.

कारण असं. बुशच्या आत पोलादी नळी असते, बाहेर दुसरी, आणि मध्ये दोन्हींना घट्ट चिकटलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी जागेवर जखडते. त्यानंतर आर्म वरखाली होतो तेव्हा काहीच सरकत नाही, फक्त रबर पिळलं जातं. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळले, तर रबराच्या दृष्टीने तीच विसाव्याची जागा. गाडी खाली घेतली की उभ्या जागीच रबराला पीळ बसतो आणि प्रत्येक खड्ड्यात तो आणखी वाढतो. पिळलेलं रबर गाडीला वर ढकलतं, म्हणजे तेही एक जास्तीची स्प्रिंगच होतं. ताठपणा, आवाज, ते सात-आठ मिमी, सगळ्यांचं मूळ हेच.

दुसऱ्या गॅरेजमध्ये गेले. तिथले काका पिटवर काम करतात, म्हणजे गाडी चाकांवर उभी आणि माणूस खाली. मी पुस्तिकेतली ओळ वाचून दाखवली. ते म्हणाले, ‘बरोबर आहे, हे असंच करायचं असतं,’ आणि पाना घेऊन खाली उतरले. मला टॉर्च धरायला सांगितला. उजव्या आर्मचा मागचा बोल्ट सैल झाला तेव्हा टक् असा आवाज आला आणि गाडीचं नाक माझ्यासमोर किंचित खाली बसलं. त्या बुशच्या रबरात नखाएवढी चीर होती, काठाला काळी भुकटी लागलेली. सव्वीस दिवसांचा बुश! तो बदलला. बाकीचे बोल्ट सैल केले, गाडी हाताने चार-पाच वेळा दाबून हलवली आणि मग पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कवर, म्हणजे तेवढ्याच जोराने, सगळे आवळले.

टेप लावली. दोन्हीकडे ३२. गतिरोधकावरून गेले, आवाज नाही. मी पुढे जाऊन वळून आले आणि पुन्हा त्याच गतिरोधकावरून गेले. मला खरंच भरून आलं.

तेव्हा गाडी देताना आधी विचारा: ‘बुशचे बोल्ट शेवटचे कुठे आवळणार, लिफ्टवर की जमिनीवर?’ उत्तर गडबडलेलं वाटलं तर किल्ली देऊ नका. आणि अलाइनमेंट हे झाल्यावरच करा. पिळलेल्या बुशवरचा हिरवा कागद काही दिवसांतच खोटा ठरतो, माझे दोन ठरले.

काही गोष्टी आता आठवतात त्या सांगते. गाडी वर गेली की हेडलाइटचा झोत बदलतो, तो लावून घ्या. मी विसरले होते आणि पहिल्याच रात्री समोरचे लोक दिवे मारत होते. रिम बदलल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा.

हवा मी डांबरावर ३३ पीएसआय ठेवते आणि कच्च्याला लागताना २६ करते. मग वेग चाळीसच्या आत. डांबरावर यायच्या आधी छोट्या पंपाने पुन्हा भरते, कारण कमी हवेवर वेगाने गेलं की टायर तापतो. हजार मीटर चढलं की बाहेरचा दाब कमी होऊन गेज सुमारे दीड पीएसआय जास्त दाखवतो, पण वरच्या थंडीने त्यातला बराचसा परत जातो. चढून पोचल्यावर गरम टायरचा आकडा बघून हवा काढू नका.

स्टेपनी अजून जुनी सतराचीच आहे. व्यास जवळपास सारखा असल्याने वेळेला चालेल, पण सोळाच्या रिमचा पाचवा टायर सांगून ठेवला आहे. कालच टेप लावली होती: डावीकडे ३१, उजवीकडे ३१.