पोर्टफोलिओत आधी सेक्शन दाखवा

बी.आर्च.चे, म्हणजे आर्किटेक्चरच्या पदवीचे, निकाल लागले की आमच्या पुण्याच्या आर्किटेक्ट ऑफिसच्या मेलवर पोर्टफोलिओंची रीघ लागते. ते आधी मी चाळते आणि मुलाखतीलाही मी बसते, म्हणून हे लिहावंसं वाटलं. पहिलं पान बहुतेकांचं सारखंच असतं: संध्याकाळचं आकाश, काचेची इमारत, पाठमोरी चालणारी माणसं. रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर केलेलं इमारतीचं चित्र, सुरेखच असतं. पण त्यावरून सॉफ्टवेअर येतं एवढंच कळतं. बांधकाम कळतं का, याचा पत्ता लागत नाही, आणि आम्हाला माणूस हवा असतो तो त्याच कामाला.

मागच्या खेपेला रत्नागिरीकडच्या एका मुलीचा पोर्टफोलिओ आला होता. थिसिस गावातल्या शाळेचा. तिने सुरुवातीलाच १:२० चा वॉल सेक्शन, म्हणजे भिंत उभी कापली तर आत काय दिसेल त्याचं ड्रॉइंग, लावला होता, जांभ्याच्या एकाच भिंतीचा, पायापासून कौलांपर्यंत. खिडकीची सिल बाहेर उतरती, तिच्या खालच्या अंगाला पाणी तुटायला खाच. कौलांचा पाखा भिंतीपासून ९०० मिमी पुढे काढलेला आणि पागोळ्या पडतात नेमक्या तिथे खडी भरलेला चर. वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस झेलणाऱ्या मुलखातली ती भिंत होती आणि प्रत्येक रेघ पावसाचा विचार करून ओढलेली होती. मी विचारलं, जोतं ६०० का घेतलंस? ती म्हणाली, "मॅडम, पागोळ्यांचं पाणी उडून भिंतीला लागतं. आमच्या घराचे खालचे दोन थर पावसाळाभर हिरवे असतात." त्या एका शीटवर आम्ही बराच वेळ बोलत बसलो. बाकीची पानं नंतर उलटली.

असं एक तरी पान तुमच्याकडे असतंच. दुसऱ्या वर्षाला वाड्याचं डॉक्युमेंटेशन केलेलं असतं. त्यात कडीपाटाची तुळई खांबावर कशी बसते, याचं हाताने काढलेलं स्केच असेल तर ते स्कॅन करून लावा. मात्र तिथे आपला वाटा लिहा. नासाच्या (आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांच्या संघटनेच्या) लुई कान ट्रॉफीसाठी, म्हणजे डॉक्युमेंटेशनच्या स्पर्धेसाठी, केलेलं काम अख्ख्या गटाचं असतं, आणि त्याच वाड्याच्या त्याच शीट्स मला एकाच आठवड्यात वेगवेगळ्या मुलांकडून आलेल्या आहेत. 'चौकाची मोजमापं आणि सेक्शन अअ माझा' एवढी एक ओळ पुरते.

ट्रेनिंगमधली वर्किंग ड्रॉइंग्ज, म्हणजे ज्यांवरून साइटवर बांधतात ती, तर जरूर ठेवा. मुलं ती लाजून शेवटी टाकतात किंवा गाळतातच. टॉयलेट डिटेल, दरवाजे-खिडक्यांचं शेड्यूल, ग्रिलचं ड्रॉइंग, काहीही चालेल. टॉयलेटच्या डिटेलमध्ये फ्लोअर ट्रॅप (जमिनीवरचं पाणी जिथून निघून जातं तो) कुठे आहे, उतार कुणीकडे आहे, टाइल कापून कुठल्या कोपऱ्यात ढकलली आहे, हे बघितलं की मुलगा साइटवर उभा राहिलाय की नाही ते मला समजतं. साइटवर काढलेला फोटो त्या ड्रॉइंगशेजारी लावलात तर फारच छान. त्या ऑफिसची परवानगी घ्या, त्यांचं नाव लिहा, क्लायंटचं नाव आणि पत्ता झाका.

बाकीचं थोडक्यात. आडवी ए३, वीसेक पानं, पीडीएफ दहा एमबीच्या आत, फाइलला स्वतःचं नाव. प्रत्येक प्लॅनवर उत्तर दिशा आणि स्केल. पानात बसवताना ड्रॉइंग लहान केलं की '१:१००' खोटं ठरतं, म्हणून स्केल बार लावा. आणि सॉफ्टवेअरच्या नावांपुढे टक्क्यांच्या पट्ट्या काढू नका. ऑटोकॅड ८० टक्के येतं म्हणजे काय, हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही.

मुलाखतीला येताना छापील प्रत आणा, सोबत पेन्सिल आणि बटर पेपरही. मी बहुतेकांना जिना काढायला सांगते. मजल्याची उंची ३ मीटर, रायझर, म्हणजे पायरीची उंची, १५० मिमी, म्हणजे २० रायझर. डॉगलेग, म्हणजे मधल्या लँडिंगवरून उलटा वळणारा जिना, असेल तर प्रत्येक फ्लाइटला (सलग पायऱ्यांच्या भागाला) १० रायझर आणि ९ ट्रेड, म्हणजे पाय ठेवायच्या जागा. २५० मिमीचा ट्रेड धरला तर फ्लाइटची लांबी सव्वादोन मीटर. हे बहुतेकांना जमतं. मग मी विचारते, मधल्या लँडिंगखालून माणूस जाईल का? लँडिंग दीड मीटरवर आहे, त्यातून स्लॅबची जाडी वजा. जे इथे थांबून सेक्शन काढायला घेतात, त्यांच्याशी पुढचं बोलणं आपोआप साइट, शटरिंग आणि पगारापर्यंत जातं.