आधारचा ओटीपी बीडला आणि मी रांगेत

मी मराठी ट्रान्स्क्रिप्शनचं काम घरूनच करते, २०२१ पासून. कुणाच्या मुलाखतीचं, सर्व्हेचं रेकॉर्डिंग येतं, ते ऐकून टाइप करून द्यायचं, पैसे ऑडिओच्या मिनिटावर. हे आधीच सांगते कारण लोकांना वाटतं ऑनलाइन फसवणुकीच्या असल्या भानगडीत नवखी पोरं किंवा म्हातारी माणसंच अडकतात. मी दोन्ही नाही आणि तरी अडकले.

जून २०२४ मध्ये टेलिग्रामवरच्या एका ग्रुपात काम आलं, मिनिटाला पंचवीस रुपये. मला तेव्हा बारा मिळत होते, त्यामुळे पंचवीस बघूनच डोकं चालायचं बंद झालं. टेस्ट म्हणून तीन मिनिटांचं वऱ्हाडी रेकॉर्डिंग पाठवलं, एक आजोबा सोयाबीनबद्दल बोलतायत, "पाऊस येऊन राहिला" वगैरे, मागे कोंबडा आरवतोय. अगदी खरं वाटावं असंच होतं. मी ते जीव तोडून केलं. संध्याकाळी मेसेज, तुमचं सिलेक्शन झालंय, केवायसी पाठवा. आधारच्या दोन्ही बाजू, पॅन, सही केलेला कॅन्सल्ड चेक, आणि आधार कार्ड हातात धरून सेल्फी. आत्ताच्या आत्ता, कारण उद्यापासून काम सुरू. मी कुकर लावला होता, तिसरी शिट्टी व्हायच्या आत सगळं पाठवून मोकळी झाले. सेल्फी तर दोनदा काढला, पहिल्यात आधारवर चमक येत होती म्हणून.

दुसऱ्या दिवशी काम नाही. तिसऱ्या दिवशी ग्रुपच नाही. चौथ्या दिवसापासून फोन सुरू, मॅडम तुमच्या लोनचं काय करायचं. कुठलं लोन?

माझा भाचा पुण्यात आयटीत आहे, त्याला फोन केला. आधी तो हसला मग गप्प झाला, ते गप्प होणंच जास्त लागलं. म्हणाला, "मावशी, पासवर्ड गेला असता तर बदलला असता, डेबिट कार्ड गेलं असतं तर ब्लॉक केलं असतं. आधारचा नंबर काही बदलून देत नाहीत. तू आधी आधार लॉक कर." मला हे लॉक प्रकरण माहीतच नव्हतं. आधारच्या साइटवर जाऊन आपला नंबर आणि बोटांचे ठसे दोन्ही लॉक करता येतात, मग कुणी ते वापरायला गेलं तर चालत नाही. पाच मिनिटांचं काम आहे म्हणाला.

त्या पाच मिनिटांना मला सव्वा महिना लागला.

कारण ओटीपी. आधार नंबर टाकला, ओटीपी मागवला, स्क्रीनवर आलं की अमुक अमुक नंबरवर पाठवलाय आणि शेवटचे तीन आकडे. ते आकडे माझ्या नंबरचे नव्हतेच! पाच मिनिटं विचार केल्यावर लक्षात आलं की हा बाबांचा जुना नंबर. आधार काढलं २०१३ ला, तेव्हा मी बाबांचाच नंबर दिला होता. पुढे बाबांनी स्वस्त पडतं म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिम घेतलं, जुन्याला रिचार्ज मारणं सोडलं, आणि इतक्या वर्षांत मला आधारचा ओटीपी कधी लागलाच नाही, सगळीकडे अंगठा नाहीतर झेरॉक्स. रिचार्ज न केलेला नंबर कंपनी बंद करते आणि पुढे तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला देते हे मला माहीत होतं, पण ते आपल्याच घरातल्या नंबरचं होईल असं कोण धरून चालतं.

मी त्या नंबरवर फोन लावला. बीडकडचा माणूस निघाला, टेम्पो चालवतो. मी घाबरत घाबरत सांगितलं की असं असं आहे, हा नंबर पूर्वी माझ्या वडिलांचा होता. तो म्हणाला, "मंग तुमचेच व्हय ते? दोन वर्षं झाली, सारखे मेसेज येत्यात बघा." मला एकदम हायसं वाटलं आणि मी पटकन म्हटलं, दादा, आत्ता एक ओटीपी आला असेल तेवढा सांगता का?

तो दोन सेकंद थांबला. मग म्हणाला, "ताई, ओटीपी कुणालाच सांगायचा नसतो."

काय बोलणार. त्याचं बरोबर होतं. मी अनोळखी माणसाला तीन शिट्ट्यांत सगळं देऊन बसले आणि हा मला सहा आकडे देईना. राग आला खरा, स्वतःचाच.

म्हणजे आता आधारला मोबाइल नंबर बदलणं आलं, आणि ते घरबसल्या होईना, प्रत्यक्ष केंद्रावर जाऊन बोटं ठेवायला लागत होती. कागदपत्र काहीच लागत नाही बरं का, फक्त आधार नंबर आणि आपण स्वतः. आमच्या तालुक्याच्या गावाला एका बँकेच्या शाखेत केंद्र आहे. बँक दहाला उघडते म्हणून मी पहिल्या दिवशी दहाला गेले. वॉचमन हसला. रोज वीस टोकन, आणि टोकन कसले, पायरीवर एक वहीचं पान दगडाखाली ठेवलेलं असतं, सकाळी येईल त्याने त्यावर आपलं नाव लिहायचं. वीस नावं झाली की पान बंद. त्या दिवशीचं विसावं नाव सव्वासातला लागलं होतं म्हणे.

दुसऱ्या खेपेला पावणेसहाला घरातून निघाले. जुलै महिना, पाऊस असा की छत्री असून नसून सारखंच. पानावर माझा नंबर अकरावा, पण पान भिजलेलं, शाई पसरलेली, त्यामुळे पुढे आठवा कोण आणि नववा कोण यावर दोन बायांचं जुंपलं. एक बाई शाळेच्या ॲडमिशनसाठी पोराचं आधार करायला आलेली, पोरगं ओलं होऊन कुडकुडतंय, एक आजी पेन्शनसाठी आलेल्या. मी पण त्यात उभी, आणि कुणी विचारलं तुमचं काय काम तर काय सांगणार, टेलिग्रामवर आधार वाटून आले म्हणून? मोबाइल नंबर बदलायचाय एवढंच सांगितलं. साडेदहाला ऑपरेटर आला, मशीन लावलं, चार जणांचं झालं आणि सर्व्हर गेला. दीडपर्यंत बसवून ठेवलं आणि मग उद्या या. उद्याच्या पानावर आजचेच नंबर धरा असं सगळ्यांनी सांगून पाहिलं, त्याने मान पण वर केली नाही.

तिसरी खेप चार दिवसांनी, मध्ये शनिवार-रविवार आणि एक बंद. यावेळी नंबर चौथा. आत गेले, खुर्चीत बसले, बोट ठेवलं. लाल. परत ठेवलं. लाल. "बोटं पुसा ताई." साडीला पुसली, लाल. "भांडी घासता का?" आता या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं असतं? घासते. भाकरी पण थापते आणि दिवसभर कीबोर्ड पण बडवते, घ्या लिहून. दहाही बोटं झाली, मग तो म्हणाला होणार नाही, महिन्याने या, हाताला तेल लावत जा. मी उठलेच नाही. भाच्याने सांगून ठेवलं होतं की डोळ्यांवर पण होतं, तर मी म्हटलं डोळ्याचं मशीन काढा. म्हणे ते लावायला वेळ लागतो, मागे लोक आहेत. मागच्या लोकांनीच आवाज दिला, लावा हो, आम्ही थांबतो. मशीन कपाटातून निघालं, त्यावर धूळ. डोळे ताणून बघितलं, एका फटक्यात हिरवं.

मग फी. भिंतीवर बोर्ड होता पन्नास रुपयांचा (तेव्हाचा दर, नंतर वाढवलाय), हा म्हणतो शंभर. मी म्हटलं शंभरची पावती द्या. पन्नास घेतले. तुम्हाला असं कुणी जास्त मागितलं तर आधारचा १९४७ नंबर आहे तिथे तक्रार करता येते, मी केली नाही कारण मला तो कागद हातात घेऊन बाहेर पडायची घाई झाली होती. त्या कागदावर यूआरएन म्हणून लांबलचक नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा, शाई महिनाभरात उडते.

आणि आता खरा संताप. घरी येऊन आत्याला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, अगं माझा नंबर तर आपल्या पोस्टमननेच बदलून दिला, घरी येऊन. खरंच आहे ते, पोस्टाच्या पेमेंट्स बँकेतर्फे २०२१ पासून पोस्टमन आधारचा मोबाइल नंबर अपडेट करून देतात. आमचा पोस्टमन मला रोज दिसतो! त्यामुळे दगडाखालच्या पानावर नाव लिहायच्या आधी आपल्या पोस्टमनला विचारा.

केंद्रावरून आल्यावर नवव्या दिवशी मेसेज आला, नंबर अपडेट झाला. तोपर्यंत लोनवाल्यांचे फोन चालूच. लगेच बायोमेट्रिक लॉक केलं, मग आधार नंबर लॉक केला. यात एक मेख आहे, नंबर लॉक करायच्या आधी सोळा आकडी व्हीआयडी, म्हणजे आधार नंबरऐवजी चालणारा दुसरा नंबर, काढून घ्यावा लागतो आणि तो जपून ठेवायचा, कारण पुढे लॉक उघडताना तोच मागतात. मी कॅलेंडरच्या मागे लिहिलाय. आणि बोटं लॉक असली की रेशनच्या दुकानात अंगठा चालत नाही, तेवढ्यापुरतं मोबाइलवरून उघडावं लागतं, नाहीतर दुकानदार पोत्याशेजारी उभं करून ठेवतो.

बाकीचं भराभर झालं. संचार साथी नावाच्या सरकारी साइटवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं, माझ्या नावावर तीन निघाले, दोन माझे. तिसऱ्यावर 'माझा नंबर नाही' असं दाबलं. तो याच लोकांनी घेतला की पूर्वीच्या कुठल्या सिमवाल्याने, देव जाणे. सिबिलचा रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद, वर्षातून एकदा फुकट मिळतो, त्यात एका लोन ॲपवाल्या कंपनीची चौकशी नोंदलेली होती, मी कधी नावही न ऐकलेली. डिस्प्यूट टाकला, तीन आठवड्यांत काढली. तीस दिवसांच्या वर गेले तर दिवसाला शंभर रुपये भरपाईचा नियम आहे एप्रिल २०२४ पासून, त्यामुळे तारीख लिहून ठेवा. सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली, तिचा नंबर जपून ठेवलाय, उद्या कुणी माझ्या नावावर काही केलं तर आपण आधीच सांगितलं होतं हे दाखवायला. पैसे गेले असतील तर मात्र लिहीत बसू नका, लगेच १९३० ला फोन. पोलीस स्टेशनला पण गेले होते. "पैसे गेले का? नाही ना? मग?" इतकंच.

एवढं सगळं केलं तरी तो सेल्फी कुणाकडे तरी आहेच. त्याला लॉक नाही.

आता नवीन काम घेताना मी काय करते ते सांगते, जसं आठवतंय तसं. बायोडेटा आधी साफ केला. माझा बायोडेटा म्हणजे स्थळासाठी काढल्यासारखा होता, जन्मतारीख, वडिलांचं नाव, घरचा पूर्ण पत्ता, विवाहित, रक्तगट फक्त राहिला होता. कामाला यातलं काहीच लागत नाही. आणि भाच्याने दाखवलं तेव्हा माझे डोळे उघडले, डाउनलोड केलेल्या आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष, म्हणजे ती पीडीएफ आणि असला बायोडेटा जोडून कुलूप आणि किल्ली मी एकाच मेलमध्ये पाठवत होते.

पॅन द्यावं लागतं, ते टाळता येत नाही, कारण पैसे देतानाच टीडीएस म्हणजे कर कापतात आणि पॅन नसेल तर वीस टक्के कापतात. पण ते पैसे द्यायच्या वेळी, म्हणजे काम ठरल्यावर, बिलासोबत. टेस्टच्या आधी पॅन मागणारा माणूस कुठला टीडीएस भरणार आहे? पैसे जमा करायला खाते नंबर आणि आयएफएससी पुरतो, सही केलेला चेक कशाला? आधार द्यायचंच झालं तर मास्क्ड, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, साइटवरच मिळतं. गंमत बघा, आधारवाल्यांच्याच बेंगळुरू ऑफिसने मे २०२२ मध्ये असंच सांगितलं होतं की झेरॉक्स वाटत फिरू नका, मास्क्ड द्या, आणि दोन दिवसांत सरकारने ती सूचनाच मागे घेतली. मी तर त्या मास्क्ड कॉपीवरही आडवं लिहिते, कुणासाठी, कशासाठी, तारीख. मोठ्या फ्रीलान्स साइटवर ओळख पटवायची असेल तर ती साइटच्या आतच, आणि तिथला क्लायंट काम ठरायच्या आधीच टेलिग्रामवर या म्हणाला की मी उत्तरच देत नाही. कामासाठी मेल वेगळा केला, खातं पण वेगळं, त्यात कधी पाच हजारांच्या वर ठेवत नाही.

मागच्या महिन्यात एका क्लायंटला मास्क्ड पाठवलं, तर त्यांचं उत्तर, पूर्ण नंबर दिसत नाहीये. मी विचारलं कशासाठी हवाय? दोन दिवसांनी उत्तर आलं, राहू द्या, पॅनवर होईल.

बीडच्या दादांचा नंबर मी सेव्ह केलाय. आधारचे मेसेज त्यांच्याकडे जायचे थांबले. पण परवा दुपारी त्यांचा फोन आला. बाबांचं गॅसचं कनेक्शन अजून त्याच जुन्या नंबरवर आहे, ते माझ्या डोक्यातच नव्हतं.

"ताई, तुमच्या सिलेंडरचा कोड आलाय. हा सांगायचा असतो का नसतो?"