यात चुकलं तर कळतं कसं?

आमच्या आधुनिक नृत्याचा प्रयोग संपतो, आम्ही घाम पुसत बाहेर येतो, 'छान झालं हं' वगैरे होतं. मग कोणीतरी जरा जवळ सरकून, आवाज खाली आणून विचारतं, 'रागावू नका, पण यात कोणी चुकलं तर कळतं कसं?'

मी रागावत नाही. 'याचा अर्थ काय होता?' या प्रश्नापुढे माझी बोबडी वळते, पण याचं उत्तर मला देता येतं. शिवाय आमच्यासारख्या छोट्या कंपनीचे निम्मे प्रेक्षक नाचणाऱ्यांचे नातेवाईक असतात. ते टाळ्या वाजवतात, चूक कोणी काढत नाही. तेव्हा चुकीबद्दल विचारणारा माणूस आम्हाला हवाच असतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

चुकतो. दर प्रयोगात चुकतो.

आम्ही अकरा जण आहोत. सगळ्यात लहान मुलगा एकोणीस वर्षांचा, सगळ्यात मोठ्या काकू सदुसष्टच्या. नाचावर पोट कोणाचंच नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी तालीम, वीस-बावीस मिनिटांची एक रचना बसवायला चार-पाच महिने, आणि शेवटी प्रयोग किती, तर दोन. याचं गणित करू नका, आम्हीही करत नाही.

ठरलेल्या मुद्रा नाहीत, सम नाही, गोष्ट नाही, म्हणजे हे लोक मनाला येईल तसे हलतात, अशी समजूत तुमच्या प्रश्नामागे असते. मनाला येईल तसं हलायची जागा आमच्या रचनेत जेमतेम दोन मिनिटं आहे आणि तिथेही नियम आहेत. बाकी सगळं मोजून बसवलेलं. एका भागात तर सात-सात-पाच असे काउंट आहेत. महिनाभर मी भांडी घासताना सात-सात-पाच पुटपुटत होते.

त्यानंतरची सहा मिनिटं संगीतच नाही. हे खूळ आमचा नाच बसवणाऱ्या ताईंनी मर्स कनिंगहॅम या अमेरिकन नृत्यरचनाकाराकडून उचललं. कनिंगहॅम आणि संगीतकार जॉन केज नाच आणि संगीत वेगवेगळं रचायचे. नर्तक शांततेत, स्टॉपवॉच लावून तालीम करायचे, आणि पुष्कळदा संगीत पहिल्यांदा ऐकायचे ते थेट प्रयोगाच्या दिवशी. आमच्याकडे स्टॉपवॉच ताईंच्या हातात असतं, आणि आम्ही चालतो श्वासावर. पुढच्या बाईचा खांदा श्वास घेताना किंचित वर जातो, तो दिसला की मागचे पाच जण निघतात. एकदा तिला सर्दी झाली होती. त्या संध्याकाळी आम्ही सगळे अर्धा काउंट मागे होतो आणि का, ते कोणाला कळेना.

तर चूक ओळखायची पहिली खूण कानाची आहे. डोळे मिटा आणि आम्ही पडतो तेव्हा ऐका.

डोरिस हम्फ्री या अमेरिकन नृत्यकर्तीने अख्खं तंत्र पडण्यावर आणि सावरण्यावर उभं केलं. तिच्या लेखी ताठ उभं राहणं आणि पूर्ण कोसळणं या दोन टोकांच्या मधे जे घडतं तो नाच. ताज्या रचनेत मी नऊ वेळा पडते. पडायचं असतं ते उतरत्या क्रमाने. घोटा दुमडतो, मग पोटरीची बाहेरची बाजू, मांडी, कुल्ल्याची कड, आणि शेवटी हात जमिनीवरून लांब घसरत जातो. गुडघा आधी टेकवायचा नाही, तळहात आपटायचा नाही, माकडहाडावर तर नाहीच नाही. श्वास सोडत उतरलं की आवाज जवळजवळ होत नाही. श्वास धरला की अंग लाकडासारखं होतं आणि धप्प! ते धप्प म्हणजे चूक. पहिल्या वर्षी माझ्या मांडीवर कायम एक निळा डाग होता. आता महिन्यातून एखादा.

दुसरी खूण डोळ्यांची. पाऊल चुकलं तर तुम्हाला बहुधा कळणार नाही, पण चुकलेला माणूस शेजाऱ्याकडे बघतो, किंवा जमिनीकडे. त्याचे डोळे हिशेब मांडायला लागतात, आता सात की पाच. अंग नाचत राहतं पण माणूस तिथून उठून गेलेला असतो, आणि ते शेवटच्या रांगेतूनही दिसतं.

सगळ्यात जास्त चुका चालण्यात होतात. स्टीव्ह पॅक्सटन या अमेरिकन नृत्यरचनाकाराने 1967 साली एक रचना केली, त्यात माणसं रंगमंचाच्या एका बाजूने येतात, चालतात, मधे उभी राहतात, बसतात, दुसऱ्या बाजूने जातात. बस्स. आम्हाला वाटलं, हे तर येतंच. करून बघितलं तर आमच्यातले अर्धे लोक बक्षीस घ्यायला निघाल्यासारखे चालत होते. काकू मात्र पहिल्या दिवशी जशा चालल्या तशाच अजून चालतात. पिना बाउश या जर्मन नृत्यरचनाकार बाईने 1978 ची आपली 'कॉन्टाक्टहोफ' ही रचना 2000 साली पासष्टच्या पुढच्या हौशी लोकांना घेऊन पुन्हा उभी केली, पुढे 2008 मध्ये चौदाच्या पुढच्या मुलांना घेऊन. काकूंकडे बघताना तिने असं का केलं असेल ते समजतं. आमच्या ताई हे बोलून दाखवतात आणि तरी दर रचनेत एक उडी ठेवतातच. ती उडी अकरांपैकी तिघांनाच जमते. मला विचाराल तर ती हौस सोडायला हवी.

आता खरी चूक सांगते. ताज्या रचनेच्या शेवटाकडे मी जमिनीवर निपचित असते, बाकीचे चालत असतात. काकू डाव्या विंगेतून येतात आणि माझा हात उचलतात. पहिल्या प्रयोगात काकू आल्याच नाहीत. त्यांच्या गुडघ्याच्या पॅडचा पट्टा विंगेच्या पडद्यात अडकला होता, हे नंतर कळलं. मी पडून. आठ काउंट झाले, सोळा झाले. गाल मार्लीला, म्हणजे नाचासाठी अंथरलेल्या गुळगुळीत चटईला चिकटलेला, समोर तिच्या सांधपट्टीचं सुटलेलं टोक. चालणारे न ठरवता हळू झाले. त्या एकोणीस वर्षांच्या पोराला काय वाटलं कोणास ठाऊक, तो येऊन माझ्या उशाशी बसला. शेवटी काकू आल्या तर त्यांची जागा भरलेली. त्या उभ्या राहिल्या, मग दुसऱ्या बाजूला बसल्या आणि माझा हात न उचलता त्या हाताच्या शेजारी जमिनीवर आपला हात ठेवला. प्रकाश मावळला.

बाहेर आल्यावर एक गृहस्थ मला म्हणाले, 'ती वाट बघण्याची जागा फार सुंदर बसवलीय.'

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ते मुद्दाम करून बघितलं. काकू विंगेत सोळा काउंट मोजून निघाल्या, पोरगा बरोब्बर बाराव्याला बसला. इतकं खोटं दिसलं की त्यालाच हसू आलं. ताई म्हणाल्या, 'सोडा. जसं बसवलंय तसंच करा.'

संध्याकाळी तसंच केलं. काकू वेळेवर आल्या, हात उचलला, कोणी हललं नाही, माझ्या नऊच्या नऊ पडण्यांना आवाज आला नाही. कालचे ते गृहस्थ बायकोला घेऊन पुन्हा आले होते. बाहेर भेटले, 'छान झालं' म्हणाले, मग जरा जवळ सरकले.

'रागावू नका,' म्हणाले, 'पण आज त्या काकू फार लवकर आल्या. चुकलं ना तिथे?'